आईचं पाणी बंद

आमच्या आईला ‘थोडं कमी करा’ असं कुणी सांगू नये. थोडं हा प्रकार तिच्या स्वभावातच नाही. वडील गेल्यावर कुणीतरी म्हणालं, चहा जरा कमी घेत जा, तर तिनं चहाच सोडला. वर दुसऱ्याच्या कपाकडे अशी बघायची की पिणाऱ्याच्या घशाखाली घोट उतरू नये. मी तिचीच मुलगी, त्यामुळे आमचं भांडण लागलं की आठवडाभर चालतं. पण त्या मे महिन्यापासून मी तिच्याशी भांडायला भिते.

मी अर्जुनी मोरगावात कपडे शिवते. माहेर केशोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. तिथं आई, धाकटा भाऊ आणि भावजय राहतात, धान करतात. गावात तपासणीचं शिबिर झालं, त्यात आईचं बीपी वाढलेलं निघालं. गोळी मिळाली आणि दोन गोष्टी सांगितल्या गेल्या: मीठ कमी खा, आणि उन्हाळा आहे तर पाणी पीत राहा. आईनं घरी येऊन मीठच सोडलं. लोक काशीला जाऊन एखादी भाजी सोडून येतात, तशी ही शिबिरात जाऊन मीठ सोडून आली, असं मी म्हटलं तेव्हा सगळे हसले, तीही हसली. भावजय तिच्यासाठी वेगळ्या गंजात, लहानशा पातेल्यात, अळणी भाजी करू लागली. जन्मभर सकाळी मीठ आणि कांद्यासोबत प्यायलेली पेज तिनं बंद केली. पाणी मात्र नेम धरल्यासारखं चालू झालं, तांब्यावर तांब्या. कुणी पाहुणा आला की ती सांगायची, माझं आता सगळं डॉक्टरच्या हिशेबानं चालते.

मग तेंदूपत्त्याचा, विडीच्या पानांचा, हंगाम आला. या वयात जंगलात जाऊ नको म्हणून आम्ही दोघांनी सांगून पाहिलं. ते पालथ्या घड्यावर पाणी. पहाटे बायकांसोबत जायची, ऊन चढेपर्यंत पानं तोडायची, गाठोडं डोक्यावर घेऊन यायची आणि घरी बसून पुडे बांधायची. लग्नसराईचं शिवणकाम आटोपून मी चार दिवस माहेरी गेले, तेव्हा तिचा ब्लाउज धुवायला घेतला. पाठीवर पांढरे डाग होते, वाळलेल्या घामाचे. कपड्यातलं मला कळतं, म्हणून मी ते डाग नखानं खरवडून भावजयेला दाखवले. केवढा घाम येतो हिला, एवढंच आम्ही बोललो. तो पांढरा भुगा मीठच होतं, आणि ज्या बाईच्या पोटात मिठाचा कण जात नव्हता तिच्या अंगातून ते निघून जात होतं, हे काही दोघींपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

डोकं दुखते म्हणत होती. जेवण जात नव्हतं, मळमळत होतं. त्यावर तिचा उपाय ठरलेला, पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुडे बांधत बसली होती. सत्तर पानांचा एक पुडा असतो. बायका गप्पा मारत बांधतात आणि मोजणी चुकत नाही, बोटांनाच सवय असते. आई वीस-बावीस पानांपर्यंत जाई, थांबे, पानं खाली ठेवी आणि पुन्हा एकपासून सुरू करी. मी पाहत होते. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी म्हटलं, माय, दे इकडे, मी बांधते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, “तुया बाप जेवला काय वं?”

भावजय हसली. मला हसू आलं नाही. वडिलांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

ऊन लागलं, असं सगळ्यांचं एकमत झालं. आमच्याकडे मे महिन्यात माणूस बरळू लागला की दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. डोक्यावर ओलं फडकं टाकलं, तळव्यांना कांदा चोळला. कैरी उकडून पन्हं केलं. आमच्याकडच्या पन्ह्यात मीठ पडतंच, त्याशिवाय ते उन्हावरचं औषध होत नाही. भावजयेनं मिठाच्या डब्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. बीपी आहे ना त्यांना, ती म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. आईनं कसं निष्ठेनं मीठ सोडलं होतं ते गावाला माहीत होतं, आणि आजारपणात तिचा नेम मोडायचं पाप कुणाला नको होतं. गूळपाण्यासारखं ते पन्हं आम्ही तिला पाजलं. वर पाणी पाजलं. शेजारची जी येई ती हातात गिलास घेऊनच येई.

ती झोपाळू झाली तेव्हा भावानं तिला मोटरसायकलवर मधे बसवलं, मागून मी धरलं, आणि मोठ्या रस्त्यावरच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, मला हे बरोबर दिसत नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. पण आमच्या भागात बाटलीवर लोकांचा देवाएवढा विश्वास. धानाची रोवणी झाली, अंग दुखतं, लाव बाटली. लग्नात जागरण झालं, लाव बाटली. कोणती, हे कुणी विचारत नाही. पाण्यासारखी स्वच्छ असते, थेंब थेंब आत जाते आणि माणसाला बरं वाटतं. भाऊ म्हणाला, आधी बाटली लावा, तेवढ्यात मी गाडी पाहतो. डॉक्टरनं ग्लुकोजची लावली. उन्हात थकलेल्याला तीच लावतात.

बाटली संपत आली होती. आईचा जबडा घट्ट बसला. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे पांढरे झाले आणि सगळं शरीर बाकावर आपटू लागलं. तोंडातून फेस आला. मी तिचे खांदे धरले होते आणि माझ्या हातांखाली ती लाकडासारखी झाली होती. मेली, एवढा एकच शब्द डोक्यात होता. मग ती सैल पडली आणि घोरू लागली, आणि त्या घोरण्याचीही मला भीती वाटली.

नवेगावबांधवरून कोहमारा, तिथून गोंदिया. ॲम्बुलन्समध्ये मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. श्वास वर आला की पुढचा येईल का, एवढाच विचार.

गोंदियाच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. गोंदियात सगळं हिंदीत चालतं, तीही हिंदीतच बोलली. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ती आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, “इनके ख़ून में सोडियम एक सौ नौ है। एक सौ पैंतीस के ऊपर होना चाहिए। पानी ज़्यादा हो गया है।”

मला राग आला. बाहेर जमीन भाजत होती, माझी आई उन्हानं पडली होती आणि ही म्हणते पाणी जास्त झालं. मी तसं बोललेही, जरा मोठ्यानंच. ती चिडली नाही. तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. रक्तातलं मीठ पाण्याला जागेवर धरून ठेवतं. घामातून आणि त्या गोळीमुळे लघवीतून मीठ गेलं, खाण्यातून आलं नाही, आणि वर नुसतं पाणी येत राहिलं, तर रक्त पातळ होतं. मग ते पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाला फुगायला जागा आहे. मेंदूला नाही, तो कवटीत बंद आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात हरभरे भिजत घातले तर काय होईल, तसं आईच्या डोक्यात चाललं होतं. आणि ग्लुकोजची बाटली? शरीर त्यातली साखर खाऊन टाकतं, मागं उरतं ते नुसतं पाणीच. आम्ही दिवसभर आईला जे जे दिलं, ते सगळं पाणी होतं.

तिनं एक लहान बाटली मागवली. ही मिठाची, म्हणाली, पण थोडीच देणार. भावानं बाटलीवरचं वाचलं, तीन टक्के. तो माझ्या कानाशी आला. “ताई, हे तं आपल्या बिजाईच्या पाण्याएवढं खारं हाय. दहा लिटरले तीनशे ग्राम.” पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी पेरायच्या, आधी धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट दाणे वर येतात, भरीव खाली बसतात. आमच्या घरी ते पाणी दरवर्षी आईच करते. तेच पाणी आता तिच्या शिरेत जात होतं, आणि ते आत कुणाला वर आणेल, कुणाला खाली बसवेल, याचाच विचार मी करत राहिले.

झटका पुन्हा आला नाही. मला वाटलं सुटलो. तर डॉक्टरीण म्हणाली, आता खरी काळजी. हे मीठ हळूहळू वर यायला पाहिजे. मेंदूनं पातळ रक्ताशी जमवून घेतलंय. बाहेर एकदम खारं झालं तर त्याच्यातलं पाणी ओढलं जाईल आणि नसांवरचं आवरण उसवेल. ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं. बोलणं जातं, गिळणं जातं, हातपाय जातात. मी विचारलं, मग परत येतात का?

आणि तिनं आईचं पाणी बंद केलं. फक्त ओठ ओले करायचे, म्हणाली, ओल्या कापसानं.

सकाळी आई जागी झाली. बोलणं जड होतं, पण शब्द कळत होते, आणि शब्द एकच होता. पाणी. मी कापूस फिरवला. ती कापूस चोखू लागली. मी काढून घेतला तर तिनं माझं मनगट धरलं. “दे ना वं पोरी. घोटभर दे.” मी म्हटलं, डॉक्टरनं नाही म्हटलं माय. तिनं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाजूच्या खाटेवरच्या बाईजवळ पाण्याची बाटली होती, आईची नजर तिच्यावरून हलत नव्हती. मी त्या बाईला हात जोडून सांगितलं, बाटली पदराखाली ठेवा. माझी स्वतःची बाटली मी पिशवीत, कपड्यांच्या तळाशी घातली आणि प्यायला बाहेर व्हरांड्यात जाऊ लागले.

दुपारी मावशी आली, आईची सख्खी बहीण. आई तिला म्हणाली, हे मले पाणी नाही देत. मावशीनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मी समजावू लागले, सोडियम, मेंदू, हरभरे, सगळं सांगितलं. तिला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. ती एवढंच म्हणाली, “माणूस जाऊन राहिला तं त्याच्या तोंडात पाणी घालतेत बाई. तू काढून घेऊन राहिली.”

मी रडले नाही, कारण मी आधीच तोच विचार करत होते. आमच्याकडे माणूस शेवटचा श्वास घेत असला की लेकीनं दोन थेंब तोंडात सोडायचे, त्यासाठी लेक लांबून धावत येते. मी तर उशाशीच होते. आणि समजा डॉक्टरीण चुकली असेल, समजा आई आजच गेली, तर ती पाणी मागत गेली आणि मी पिशवीत लपवून बसले होते, हे घेऊन मला जगायचं होतं. एकदा मी पिशवीत हात घातलाही. बाटली बोटांना लागली. रिपोर्टची भीती मोठी की आईच्या तहानेची, ते मला ठरवता येईना, आणि मी हात बाहेर काढला.

आईनं ते पाहिलं होतं. “काऊन नाही देत?” ती म्हणाली. “मी काय तुयी सवत आहो काय?”

संध्याकाळी तिच्या लघवीची पिशवी भरू लागली. गोळी बंद झाली होती, आता शरीर साठलेलं पाणी भराभर सोडत होतं. नर्सनं रिकामी केली की पुन्हा भरे, पाण्यासारखी स्वच्छ. मला बरं वाटलं, निघतंय एकदाचं. पुन्हा रक्त नेलं. डॉक्टरीण आली ती चालत नाही, जवळजवळ पळत आली. सोडियम फार भराभर वर चाललं होतं. तिनं नर्सला सांगितलं आणि नर्सनं आणून टांगली ती ग्लुकोजची बाटली.

तीच. मी ओळखली. मी उठून नळी हातात धरली. मी म्हटलं, यानंच हिला झटका आला, हे मी लावू देणार नाही. वॉर्डातले सगळे पाहू लागले. भाऊ माझा दंड धरून ओढत होता. डॉक्टरिणीनं आवाज चढवला नाही, पण तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला घाई दिसली, आणि त्या घाईचीच मला जास्त भीती वाटली. “कल पानी ज़्यादा था,” ती म्हणाली. “अब जल्दी निकल रहा है। रोकना है। इन्हें पानी पिलाइए, अभी।”

मी नळी सोडली. पिशवी उपसून बाटली काढली. कपडे खाली पडले. दिवसभर जिला नाही म्हटलं तिच्या तोंडाशी आता मीच गिलास धरला होता, इतक्या घाईनं की अर्धं पाणी तिच्या गळ्यावरून खाली ओघळलं. आई घटाघटा प्यायली. मी प्रत्येक घोट पाहत होते. कालपर्यंत मला पाण्याची भीती कधी वाटली नव्हती, विहिरीची वाटते, तलावाची वाटते, गिलासातल्या पाण्याची कुणाला वाटते.

सोडियम थांबलं, मग बेताबेतानं चढलं. पण ‘काही दिवसांनी दिसतं’ हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं होतं. घरी आणल्यावरही मी दुकानाला कुलूप लावून तिथंच राहिले. सकाळी उठल्याबरोबर तिला विचारायची, आज वार कोणता. भावाच्या सासऱ्यांचं गाव कोणतं. घास गिळताना तिच्या गळ्याकडे पाहायची. ती हळू बोलत होती, शब्दासाठी थांबत होती, आणि प्रत्येक वेळी ती थांबली की माझा जीव खालीवर होई. पुडा बांधायला दिला तर बोटं अडखळली. डॉक्टरिणीनं फोनवर सांगितलं, अशक्तपणा असेल, वाट पाहा. असेल, ती म्हणाली. ‘आहे’ म्हणाली नाही. जेवणात आता सगळ्यांसारखं मीठ होतं आणि आई ते मुकाट्यानं खात होती. त्याचीही मला काळजी वाटे, कारण आमची आई मुकाट्यानं काही करत नाही.

मृग लागला. भावानं बियाणं काढलं, टबात पाणी भरलं आणि मीठ टाकून ढवळू लागला. आई खाटेवरून उठली. कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीला हात लावत आली, टबाजवळ बसली आणि म्हणाली, अंडं आण. तीनशे ग्राम मोजून टाकलंय, भाऊ म्हणाला, अंडं कायले पाहिजे. भावजयेनं अंडं आणलं, आईनं ते पाण्यात सोडलं. मीठ पुरेसं असलं की अंडं तरंगतं. हे तळाशी जाऊन आडवं झालं. आई बघत राहिली. फार वेळ बघत राहिली. मी दारात उभी होते, आणि मला वाटलं, संपलं, हिला आठवत नाही पुढं काय करायचं.

तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“अजून दोन मुठी टाक,” ती म्हणाली. “तुया दुकानदारानं ओलं मीठ देल्लं.”

भावानं टाकलं, ढवळलं. अंडं वर आलं आणि त्याची रुपयाएवढी टिकली पाण्यावर दिसू लागली. आईनं धान ओतायला लावलं, वर आलेले पोचट दाणे दोन्ही हातांनी काढून बाजूला फेकले आणि भावाला म्हणाली की यंदा बियाणं तुले कुणी गळ्यात मारलं. ती अख्खी परत आली होती, तिच्या तोंडासकट. मी दाराच्या चौकटीला टेकून रडत होते.

“तू तिथं उभी राहून मले काय तपासून राहिली?” आई माझ्याकडे न पाहता म्हणाली. “पाणी आण प्यायले.”

मी आत गेले. माठातून गिलास भरला, थोडं ओतून दिलं, पुन्हा भरला. किती न्यावं ते मला कळेना. शेवटी भरलेलाच नेला. ती प्यायली, मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. अर्ध्यावर येऊन ती थांबली. जन्मात कशातही थोड्यावर न थांबलेल्या बाईनं गिलास माझ्या हातात परत दिला.

“तहान आहे अजून,” ती म्हणाली. “पण राहू दे. तुले भेव वाटते.”

उरलेलं पाणी मी पिऊन टाकलं.